कारखान्याचा दिवस सकाळी सहाला

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं नातवंडं माझ्या वहीला हसलात. कपडे धुतल्याची कोणी नोंद ठेवतं का, असं धाकटीने विचारलं. मी ठेवते. डावीकडे तारीख, मधे काय धुतलं, आणि उजवीकडे, लागलंच तर, दोन शब्द: ‘पुन्हा धुतलं’. उन्हाळ्यात मी चादरी संध्याकाळी गच्चीवर वाळत घालते आणि उजाडल्यावर काढते. काही सकाळी त्यांच्यावर राखाडी थर असतो, हात फिरवला की बोटं काळी होतात. आमच्या गच्चीवरून कारखान्याची चिमणी दिसते, त्यामुळे राख कुठली हे कोणाला विचारायची गरज पडत नाही. चादरी परत बादलीत जातात आणि वहीत ते दोन शब्द येतात. या वहीवरून यंदा मी शेजारच्या मुलाला खोटारडा म्हणाले, ती हकिगत तुम्हाला माहीत असावी.

मुलगा म्हणायचा, एरवी चाळिशीचा बाप्या आहे. शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकला. आता त्याच कारखान्यात प्रदूषणाचे कागद बघतो. त्याची आई माझी रोजची सोबतीण. तिने जन्मभर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली. आता तिचा श्वास लागतो आणि पदराच्या गाठीत दम्याचा पंप असतो.

एका संध्याकाळी तो कागद घेऊन आला. दरवर्षी चिमणीतून काय बाहेर पडलं याचा अहवाल राज्याच्या प्रदूषण मंडळाला जातो. आजवर तो राज्याच्या नमुन्यात भरायचे, आता केंद्राच्या नमुन्याशी जुळवून घ्यायचं ठरलं होतं. त्याला माझ्याकडून सोबतच्या पत्रासाठी इंग्रजीतलं एकच वाक्य हवं होतं: नमुना बदलला तरी दिलेल्या माहितीत काही फरक नाही.

फरक नाही, असं कोणी आपणहून लिहायला लागलं की मी चष्मा पुसते. दोन्ही नमुने ठेवून जा म्हटलं. तो म्हणाला, “फक्त खाने बदलले, बाई. तुम्ही पेपर तपासल्यासारखं करून राह्यल्या.”

तपासलेच. जुन्या नमुन्याला एक यादी जोडलेली होती. धूळ पकडणारं यंत्र कोणत्या तारखेला किती तास बंद होतं, त्याची. नव्या नमुन्यात ती यादी नव्हती. वर्षभराची बेरीज होती आणि शेवटच्या पानावर शेऱ्यासाठी एक चौकोन. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, यंत्र बंद असतं तेव्हा धूळ मोजणारं मीटर चालू असतं का? तो म्हणाला, नाई. म्हणजे ज्या तासांत माझ्या चादरी काळ्या होतात ते तास बेरजेत नव्हतेच. ते फक्त त्या यादीत होते, आणि यादी आता जाणार होती.

मग मी वही आणली. माझी एकही तारीख त्याच्या यादीशी जुळेना. मी बारा तारखेला चादरी पुन्हा धुतल्या, त्याच्या यादीत बाराला यंत्र सुरळीत. एकवीसलाही तेच. त्याच्या आईसमोर मी म्हणाले की तू शाळेत कॉपी केली नाहीस, ती हौस आता भागवतोस. तो लाल झाला.

त्याची आई वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“अवं बाई, कारखान्याचा दिवस सकाळी सहाले निंगते, पहिल्या पाळीपासून. पहाटचं सारं कालच्या तारखेत जाते. तुमच्या घरचेबी तिथीच कामाले होते ना? तीस वर्षं डबा भरला, अन् एवढं नाई माहीत?”

मला खरंच सुचलं नव्हतं. तुमचे आजोबा तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे आणि हजेरी आदल्या दिवसाची लागायची. मी मात्र कॅलेंडर धरून बसले होते. मी मुलाची माफी मागितली. पेन्सिलीने माझ्या सगळ्या तारखा एकेक दिवस मागे नेल्या. बाराची अकरा, एकवीसची वीस. यादीशी जुळत गेल्या.

चार सोडून.

त्या चार दिवसांची त्याच्या यादीत नोंदच नव्हती. मी वही त्याच्याकडे फिरवली. त्याने चहाचा कप बशीत फिरवला.

“ते लिहू नको म्हणून सांगितलं होतं मले,” तो म्हणाला. “सही माझी असते, बाई.”

मी त्याचं वाक्य लिहून दिलं नाही. त्याऐवजी शेऱ्याच्या चौकोनात मावेल असा मजकूर दिला: यंत्र बंद असलेल्या तारखा आणि तास खालीलप्रमाणे. यादी त्याने भरायची होती.

तीन दिवसांनी त्याने टाईप केलेला मसुदा दाखवायला आणला. शेऱ्यात पूर्ण यादी होती. मी मोजली. चारपैकी तीन दिवस आले होते. चौथ्याचं विचारलं तर म्हणाला, त्या पहाटे पाऊस होता, तुमच्या चादरी पावसाने खराब झाल्या असतील. मी वही उघडली. तिथे नुसतं ‘पुन्हा धुतलं’. कशामुळे, ते मी कधीच लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं नीटनेटकी वही ठेवून मी त्याला उत्तर देऊ शकले नाही.

उत्तर त्याच्या आईने दिलं. “पाऊस कुठी होता? अंगणात बाजीवर कणकेचे सरगुंडे रातभर वाळत होते आपले. राखेनं भरले म्हणून सारे फेका लागले. अन् म्या पंप दोनदा घेतला.”

तो उभाच होता. खिशातून पेन काढलं आणि टाईप केलेल्या ओळींखाली चौथी तारीख निळ्या शाईने लिहिली. पुढे तासही लिहिले. आकडा त्याला पाठ होता, कुठे बघावं लागलं नाही. ते पाहून मला बरं वाटलं नाही.

अहवाल गेला, असं तो सांगतो. शिक्का मारलेली प्रत मागितली तर म्हणाला, आता सगळं ऑनलाईन जाते, शिक्का कुठी राह्यला. मोबाईलवर त्याने मला पहिलं पान दाखवलं. शेवटचं उघडत नव्हतं, नेट नव्हतं म्हणे. त्याची आई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

माझ्या वहीत आता दोन रकाने जास्त आहेत. एकात वेळ लिहिते, दुसऱ्यात कारण. आणि रोज उजाडलं की, शेंगा सोलायच्या आधी, त्याची आई माझ्या गच्चीवर येते, चादरीवरून बोट फिरवते आणि वहीत त्या दिवसाच्या नोंदीशेजारी आपला अंगठा उमटवते.