पेशंट तुमचे कोण?

आमच्या साडूंच्या मते जगात माणूस एकच, तो म्हणजे बाप. बाकी आपण सगळे त्याचे परिणाम. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं आणि मनोविश्लेषणाचा नाद त्यांना असा लागला, की भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी जरा आपटून ठेवली तरी हे मला कोपराने ढोसून सांगणार, "याले बापानं कधी शाब्बास म्हटलं नसन." एका लग्नात तर आहेर देता देता त्यांनी नवरदेवालाच विचारलं, "स्वप्नात वडील येतात का? रागावलेले?" वडील मागेच उभे होते. मी हादरलो, पण त्याहून मोठा हादरा पोळ्याला बसला. सासरच्या पंगतीत, खुद्द सासऱ्यांच्या शेजारी बसून, हे गृहस्थ पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, "मनातल्या मनात बापाले मारल्याबिगर पोरगा 'मी' होतच नाई!" सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

स्वतःच्या वडिलांबद्दल मात्र साडू कधी चकार शब्द काढत नसत. वडील अकोल्याला, एकत्र कुटुंबात. तिथे मोठ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही, अशी रीत. चुलत भावंडं त्यांना 'काका' म्हणत, म्हणून साडूही जन्मभर काकाच म्हणत आले. गेल्या वर्षी काकांचं पोटाचं ऑपरेशन तातडीने करायचं ठरलं आणि आम्ही अकोल्याला धावलो. थिएटरच्या दाराशी सिस्टर कागद घेऊन उभी. "पेशंट तुमचे कोण?"

"काका," साडू म्हणाले.

"मंग मुलाले बोलवा ना लवकर! सही त्याची पाहिजे. उशीर झाला त कठीण आहे."

आणि माझा अजून विश्वास बसत नाही, पण साडूंनी खरोखर मागे वळून पाहिलं, मुलगा आला का म्हणून! तेवढ्यात स्ट्रेचरवरून क्षीण आवाज आला, "सिस्टर, हाच हाय माहा पोरगा." चार लोकांत हे ते पहिल्यांदाच म्हणाले असावेत. साडूंनी सही केली. त्या माणसाला रडताना मी प्रथमच पाहिलं आणि मलाही आवरेना.

काका बरे झाले. आता अमरावतीला साडूंकडेच असतात. साडू अधूनमधून धीर करून "बाबा" अशी हाक मारतात. म्हातारा पेपरातून मान वर काढतो आणि दाराकडे बघत म्हणतो, "पाह्य बरं, कोनी आलं काय?"

साडू मुकाट्याने उठतात आणि दार उघडून पाहतात.