गोखरूचं चूर्ण

आईला लघवीच्या जळजळीचा त्रास जुना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरं वाटायचं, मग पुन्हा सुरू. म्हणून माझ्या मैत्रिणीने गोखरू आणि साटोडीचं, म्हणजे आपल्या पुनर्नवेचं, चूर्ण बाजारात आणलं तेव्हा पहिला डबा तिने आमच्याच घरी आणून दिला.

आम्ही दोघी बडोद्यात एकाच बाकावर शिकलो. वनस्पतींचे पातळ काप करायचे, काचपट्टीवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, हा आमचा विषय. मी पुढे तोच शिकवायला लागले. तिने बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या रस्त्यावर एक शेड घेऊन औषधं बनवायला सुरुवात केली. ती गुजराती, पण प्रतापनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये इतकी रुळलेली की आईशी मराठीतच बोलायची, फक्त मावशीऐवजी ‘मासी’ म्हणायची. बाबा गेले तेव्हा आईजवळ ती मुक्कामाला राहिली होती.

चूर्ण विकायच्या आधी तिने ते मला तपासायला दिलं. मी मनापासून पाहिलं. गोखरूच्या फळाचे कडक, टोकदार केस होते, जाड भिंतींचे तंतू होते, पुनर्नवेच्या मुळातले सुयांसारखे स्फटिक होते. माल उत्तम होता, तसा अहवाल मी सही करून दिला. पुढे डब्यावर माझं नाव छापलेलं दिसलं. मला विचारलं नव्हतं, पण आईला एवढा आनंद झाला की मी काही बोलले नाही. माझ्या मुलीने तपासलेलं आहे, असं ती शेजारणींना सांगायची आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून ते घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आईला थंडी वाजून ताप भरला. कमरेत इतकी कळ येत होती की तिला उठवेना. दवाखान्यात भरती केलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तिथल्या तंत्रज्ञाला मी माझा व्यवसाय सांगितला आणि आईच्या लघवीचा नमुना बघू द्या म्हटलं. त्याने खुर्ची रिकामी करून दिली. भिंगाखाली पू-पेशींचे पुंजकेच्या पुंजके होते. इतका संसर्ग एका दिवसात झालेला नव्हता.

आईला मी विचारलं, त्रास कधीपासून होता. तिने आधी टाळलं. मग म्हणाली, “दिवाळीच्या आधीपासून. मी तिला फोन केला होता. ती म्हणाली, मासी, डोस दुप्पट घ्या, आणि हिला सांगू नका, उगाच काळजी करेल.”

मी घरी जाऊन आईचा डबा उचलला आणि थेट कॉलेजात गेले. चूर्णाची चिमूट पाण्यात मिसळून काचपट्टीवर ठेवली. तांदळाच्या पिठाचे बारीक कोनदार कण दिसले, आणि त्यात कुठेतरी गोखरूचा एखादा केस. आयोडीनचा थेंब सोडला, तर सगळं निळंकाळं झालं. मी दुसरी पट्टी केली, तिसरी केली. काहीतरी चुकत असेल, असं वाटत राहिलं. चुकत नव्हतं.

शेडवर गेले तेव्हा ती नेहमीसारखी हसून पुढे आली, चहा सांगितला. मी डबा टेबलावर ठेवला आणि काय दिसलं ते सांगितलं. तिने नाकारलं नाही. गोखरू महाग झालं, मागणी वाढली, दुकानदार थांबत नाहीत, असं बरंच बोलली.

“त्यात विष थोडंच आहे?” ती म्हणाली. “पीठ आहे. त्याने कुणाला काही होत नाही.”

“पिठाने आईला काहीच होत नव्हतं, म्हणूनच ती आज दवाखान्यात आहे.”

मला सांगू नका असं आईला का म्हणालीस, हे विचारलं तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, “तू तपासलं असतंस.”

पिठाचं मी कदाचित विसरले असते. हे वाक्य विसरू शकत नाही. माझी नजर तिला पक्की ठाऊक होती. तिने माझ्या आईचा ताप वाढू दिला, पण डबा त्या नजरेसमोर येऊ दिला नाही.

मी अहवाल मागे घेतला आणि औषध खात्याकडे नमुन्यासकट तक्रार केली. तपासणी झाली, ते चूर्ण दुकानांतून हटवलं गेलं. आमच्या जुन्या वर्गातल्या काहींनी मला फोन करून सांगितलं, घरातलं घरात मिटवायला हवं होतं.

आई बरी झाली. हल्ली ती वेळेवर डॉक्टरांकडे जाते, भरपूर पाणी पिते. सगळं मी तिला सांगितलंय, तिने ते नीट ऐकूनही घेतलं. तरी परवा उंधियूची भाजी करताना तिने विचारलं, तुझ्या मैत्रिणीकडे थोडी पाठवू का? मी नाही म्हटलं. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिच्यासाठी काढून ठेवलेला रिकामा डबा पुन्हा फडताळात ठेवला.