भक्कम नवरा

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

मी जव्हारला सरकारी कचेरीत कारकून. तिथल्याच जिमचं वेड लागलं. अंग भरलं, लोक वळून बघायला लागले, पण आरशात मला काडीपैलवानच दिसायचा. हसू नका. शर्टाची बाही दंडात रुतायची, आणि तरी बारीक दिसू नये म्हणून मी भर मे महिन्यात आत दोन बनियन घालून कचेरीत जायचो. मग जिममधल्या एकाने अंग फुगवायची स्टेरॉइडची इंजेक्शनं आणून दिली. त्यात काय असतं ते मला माहीत होतं. फसवलं कुणी नाही.

पुढे लग्न झालं. बायको मोखाड्याकडची, आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका. वर्षं गेली, मूल होईना. आता सांगा, माझ्याकडे बघून कुणाला शंका येणार? आई चारचौघांत म्हणायची, "माझ्या पोराच्यात काय कमी हाय? बघा कसा भक्कम हाय!" म्हणजे दोष कुणाचा ते ठरलंच. बायकोच्या तपासण्या झाल्या, मग भगताने मुळ्या दिल्या. तो कडू काढा ती नाक दाबून प्यायची — आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा.

मला ठाऊक होतं का? सुरुवातीला नव्हतं. मग धाकधूक वाढली, तेव्हा कामाचं निमित्त सांगून मी एकटाच नाशिकला गेलो. शुक्राणू जवळजवळ नाहीतच, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनांनी होतं असं. बंद करा, वेळ द्या, पुष्कळदा सुधारतं.

बंद केली. दोनेक महिन्यांत अंग उतरलं. बाजारात कुणीतरी विचारलं, आजारी होतास का — आणि त्याच संध्याकाळी मी पुन्हा सुई टोचून घेतली. मूल हवं की दंड, असं कुणी विचारलं असतं तर मी मूलच म्हणालो असतो. कुणी विचारलं नाही. मी दंड निवडले.

त्यानंतर गावात एक बारसं होतं. त्या बाळंतिणीला गरोदरपणात आहार नेऊन द्यायची ती हीच. पण बारशाला हिला पाळण्याजवळ कुणी येऊ दिलं नाही. ती मागच्या दारी भांडी विसळत बसली. मी अंगणात पुरुषांत होतो, मला सगळं दिसत होतं. एक वाक्य बोललो असतो तर? नाही बोललो. लाज वाटली, पण तीही माझंच नाव जाईल याची.

गेल्या वर्षी तिनेच विषय काढला. "तुमी दुसरी करा. माझी ना नाय."

मला तूच हवीस, मी म्हणालो. ते खरंही होतं. ती रडली, माझे पाय धरायला वाकली — आणि मी धरू दिले.

आता गावात कुणाच्या सुनेला मूल नसलं की माझं उदाहरण देतात. एवढा भक्कम गडी, पण बायकोला टाकलं नाही. मी खाली मान घालून ऐकून घेतो. लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

इंजेक्शनं अजून चालू आहेत.