एक्केचाळीस फाइलींत चिकटवलेल्या आठ ओळी

त्या फाइलींमध्ये हाताने कोड मी घातला होता. मीटिंगमध्ये "शेवटचा बदल कुणाचा?" असा प्रश्न आला, तेव्हा मी म्हणालो, "मंजिरीचा." उत्तर खरं होतं. म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते.

डिलाईल रोडजवळच्या आमच्या ऑफिसात एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर बनतं. रक्ताच्या प्रत्येक तपासणीसाठी कोडमध्ये एक क्लास असतो. क्लास म्हणजे साचा: तपासणीचं नाव, आलेला आकडा, नॉर्मल किती. हे साचे आम्ही लिहीत नाही. लॅब तपासण्यांची यादी पाठवते, एक टूल तिच्यावरून सगळे क्लास लिहून काढतं. यादी बदलली की टूल पुन्हा चालवायचं. ते जुन्या फाइली पुसून नव्या लिहितं. म्हणून प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: हाताने बदलू नका.

मी बदलल्या. आकडा धोक्याचा असेल तर रिपोर्टवर लाल खूण यावी आणि डॉक्टरांना मेसेज जावा, असं लॅबला हवं होतं. एक्केचाळीस तपासण्या, वागणं सगळ्यांचं एकच. योग्य मार्ग मला ठाऊक होता. एक बेस क्लास, म्हणजे सगळ्यांचा बाप, वेगळ्या फाइलीत लिहायचा. सामाईक वागणं त्यात एकदाच ठेवायचं आणि टूलला सांगायचं, प्रत्येक क्लास याचा वारस म्हणून काढ. दोन दिवसांचं काम.

आमचा मॅनेजर दिनेश म्हणाला, "साटम, डेमो आज आहे. चिकटव रे कसंतरी."

मी आठ ओळी एक्केचाळीस वेळा चिकटवल्या. नीट नंतर करू म्हटलं. आमच्या धंद्यात 'नंतर'इतका नालायक शब्द दुसरा नाही. मी ते कुणाला सांगितलंही नाही.

चार महिन्यांनी लॅबने एक तपासणी वाढवली. आमच्या टीममधल्या मंजिरीने नियमाप्रमाणे टूल चालवलं. माझ्या ओळी पुसल्या गेल्या. एरर कुठेच आली नाही.

दुसऱ्याच दिवशी एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट लाल खुणेशिवाय निघाला. पोटॅशियम इतकं वाढलं की हृदय बंद पडू शकतं. लॅबच्या डॉक्टर पेडणेकरांनी सही करताना आकडा पाहिला आणि स्वतः पेशंटच्या घरी फोन लावला. माणूस वाचला. मग त्यांनी आम्हाला फोन लावला.

"तुमचं सॉफ्टवेअर गप्प बसलं. माझीही नजर चुकली असती तर?"

त्यावरच ती मीटिंग झाली. मंजिरी नऊ वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीत आलेली. प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. चूक तिची, असा तिच्या नावाचा मेल दिनेशने सगळ्यांना पाठवला आणि कन्फर्मेशन थांबवलं. ठेवायचं की नाही, बघू म्हणाला.

संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, कुणी कधी काय बदललं, ती फाइलींची जुनी हिस्टरी उघडली. त्या आठ ओळी तुमच्या नावावर आहेत."

"टूल चालवण्याआधी विचारायचं होतंस." आवाज मी चढवला. चूक माझी आणि आवाजही माझाच.

"कुणाला विचारू, फाइलीला? ती पहिल्याच ओळीत सांगतेय, हात लावू नका. तुमचा चष्मा घरी राहिला होता का?" मागे कुणीतरी फिस्कन हसलं. ती हसली नाही. "नऊ वर्षं घरी होती, विसरली असेल सगळं, असं इथे सगळ्यांना वाटतं. तुम्ही ते वाटू दिलंत."

मी उठून दिनेशच्या केबिनमध्ये गेलो.

"सोड ना यार," तो म्हणाला. "तिचं काय, प्रोबेशन वाढेल दोन महिने. तुझं अप्रेझल तोंडावर आहे."

माझं डोकं फिरलं. "माणूस मेला असता, दिनेश! आणि तू अप्रेझल काय सांगतोस? चिकटव म्हणालास तू, चिकटवलं मी. ती कुठे आली मध्ये?"

"ओरडू नकोस. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे."

बाहेर येऊन मी मंजिरीला सॉरी म्हटलं. तिने मान हलवली. "कानात सॉरी नको, सर. माझं नाव ज्या मेलवर गेलं, त्याच मेलवर लिहा."

पुढच्या दोन दिवसांत मी बेस क्लास लिहिला. आता टूल कितीही वेळा चालवा, लाल खूण जात नाही. धडा एवढाच: यंत्राच्या फाइलीत माणसाने लिहिलेलं टिकत नाही. तो मला आधीही पाठ होता, त्यामुळे त्याची फुशारकी नको.

मेल मात्र मी सॉरी म्हटलं त्याच संध्याकाळी पाठवला, डॉक्टर पेडणेकरांसकट सगळ्यांना. मंजिरीचं कन्फर्मेशन त्यानंतर झालं. मी लिहिलं होतं: "लाल खूण माझ्यामुळे गेली. मंजिरीने टूल बरोबर चालवलं. हे मला मीटिंगमध्येच माहीत होतं आणि मी बोललो नाही. मंजिरी, मी तुझी माफी मागतो."