क्लचच्या टाकीवरचं कुंकू

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ती दिवाळी. आमची जुनी डिझेल गाडी माझ्या अगदी मुळावर उठली होती. क्लच दाबला की पेडल थेट तळाला जायचं आणि तिथंच पडून राहायचं. वाकून ते हातानं वर ओढायचं, भराभरा पंप मारायचा, मग कुठं गिअर पडणार. भर द्वारका चौकात मागून हॉर्नचा कालवा आणि मी स्टिअरिंगखाली डोकं घालून बसलेला. संताप संताप व्हायचा नुसता.

वडिलांना भाऊबीजेला येवल्याला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडे. आत्या अंथरुणाला खिळलेली, तिचं काही खरं नव्हतं. वडिलांचा खुबा मोडून बसवलेला, एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. आणि भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की, "घरात वाहन असताना आक्काच्या दारात भाड्याची गाडी लावू?" झालं! म्हणजे सगळं त्या क्लचवर येऊन ठेपलं.

या गाडीचा क्लच तारेवर नव्हे, तेलावर चालायचा. मिस्त्रीनं आधी खालच्या सिलिंडरचे रबर बदलले. मी पेडल दाबायचं, त्यानं गाडीखाली पडून हवा काढायची. "दाबा! धरा! सोडा!" थोडे दिवस बरे गेले, की परत पेडल तळाला. मग वरच्या सिलिंडरचे रबर बदलले. पुन्हा तेच रडगाणं. मी मिस्त्रीला नको नको ते बोललो. "साहेब, नवे रबर असे फुगतात कशानं, मलाच कळंना," म्हणाला, आणि दिवाळीला गावी निघून गेला.

भाऊबीजेच्या सकाळी पेडल जरा घट्ट लागलं, म्हणून निघालो. विंचूरच्या पुढं कांद्याच्या ट्रॅक्टरमागं ते खाली गेलं ते गेलंच. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. क्लचच्या टाकीच्या झाकणावर हळदीकुंकू! झाकण काढलं तर आतला रबर फुगून वडा झालेला आणि वर जाड, चिकट तेल. इथं ब्रेक ऑइल लागतं. हे इंजिन ऑइल होतं, त्यानंच रबर फुगत होते.

"हे कुणी घातलं?" मी ओरडलोच.

"मी," वडील म्हणाले. "दसऱ्याला पूजा केली तेव्हा टाकी उणी दिसली. सणाला वाहन उपाशी ठेवू नये. मिस्त्री येऊन गेला की परत थोडं घालायचो. आक्काकडे जायचंय, म्हटलं, कमी पडायला नको."

मी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, खायला नाही, विष घातलंत तिला!"

ते येवल्याच्या दिशेनं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एखाद्या ट्रॅक्टरवर बसवून दे मला."

"त्या खुब्यानं? बसा गप गाडीत!"

बंद इंजिनलाच पहिला गिअर टाकून चावी फिरवली. गाडीनं आचके दिले आणि निघाली. पुढचे गिअर क्लचशिवाय, इंजिनच्या आवाजावर, कराकरा दात खात. शेळ्या आडव्या आल्या, गाडी बंद. बैलगाडी आली, बंद. परत चावी, परत आचका. येवला येईपर्यंत मी गाडीच्या सात पिढ्या उद्धरल्या. वडील एका हातानं खुबा दाबून बसले होते.

आत्याला उशीला टेकवून बसवलं होतं. "गाडीनं तरास नाय ना दिला?" तिनं विचारलं.

"छे! लोण्यासारखी आली," वडील म्हणाले.

ओवाळताना तिचा हात लटपटत होता. वडिलांनी खालून ताटाला हात लावला आणि स्वतःलाच ओवाळून घेतलं.

परत निघताना मी त्यांना उचलून सीटवर बसवलं. आत्याच्या दाराकडे बघत ते म्हणाले, "आता ही गाडी विकलीस तरी चालेल."

चावी माझ्या हातात तशीच राहिली. एवढा वेळ सुचलेली एकही शिवी आठवेना.