आबा आणि तिसरी शिट्टी

सासऱ्यांनी मला मारलं, असं मी डॉक्टरबाईंना सांगितलं, तेव्हा माझा नवरा विनोद खाली मान घालून बसला होता. बापाबद्दल असलं ऐकायला कोणाला आवडेल? पण मनगट माझं काळंनिळं झालं होतं, त्याचं नव्हतं. मी घरातून निघतानाच बजावलं होतं, "आबांची कुठंतरी सोय करा, नाहीतर मी चालले गुहागरला, माहेरी."

आबा म्हणजे भागोजी. कोयना प्रकल्पाच्या बोगद्यावर मुकादम होते. ऐन उमेदीची वर्षं अलोऱ्याच्या कॉलनीत गेली. आवाज असा, की हाक मारली तर पलीकडच्या आळीतली कुत्री उठायची. घरात मात्र कोणाला बोट लावलं नाही. मला बांगड्याचं डोकं आवडतं, तर जेवायला बसण्याआधी सासूबाईंना विचारायचे, "दर्शनासाठी ठेवलंस काय?" एवढंच. गोड बोलणं वगैरे त्यांना जमायचं नाही, मलाही जमत नाही.

सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना रत्नागिरीला, मांडवीच्या आमच्या ब्लॉकमध्ये आणलं. मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एके दिवशी मला विचारलं, "तू कोणाची गो?" तेही मी गिळलं. आजार आहे म्हटलं, काय करणार!

पण पुढचं कसं गिळू? मी स्वयंपाकघरात असले की अचानक यायचे, मनगट धरायचे, फरफटत गॅलरीत न्यायचे. तिथं भिंतीला दाबून धरायचे आणि दोन्ही हातांनी माझं डोकं गच्च आवळायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बघायच्या. त्यांना काय दिसणार, सासरा सुनेला भिंतीशी घेऊन उभा! जळलं मेलं ते जिणं. वाण्याकडे जायचीसुद्धा मला लाज वाटायला लागली. विनोद संध्याकाळी ऑफिसातून यायचा तेव्हा आबा गरीब गाईसारखे बसलेले. त्याला माझं अर्धंच खरं वाटायचं, आणि त्याचा मला जास्त संताप यायचा.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. वस्तू चोरल्या म्हणून कोणावर आळ घेतात का? गेलेली माणसं दिसतात का? तिन्हीसांजेला घराबाहेर पडायला बघतात? रडतात? झोप, जेवण कसं आहे? एकेक विचारत गेल्या. मग माझं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, "हे कधी करतात?"

"कधीही."

"कधीही म्हणजे नेमकं कधी? त्याच्या आधी काय घडतं?"

मी भडकलेच. "अहो, वेड्या माणसाचं आधी काय नि नंतर काय? तुम्ही गोळी द्या!"

त्या चिडल्या नाहीत. "गोळी आहे माझ्याकडे. पण तिनं ते गुंगीत राहतील, अंग ताठरेल, पडतीलसुद्धा. तशी वेळ आली तर देईन. आधी कारण शोधू. बोलून सांगता येत नाही ना, म्हणून ही माणसं वागून सांगतात. विनोद, एक दिवस तुम्ही घरी थांबा आणि नुसतं बघा."

म्हटलं, कप्पाळ माझं! मार मी खायचा आणि यांनी बघायचं.

त्या रविवारी विनोद नेहमीसारखा बाहेर न जाता सोफ्यावर बसून राहिला. मी डाळभाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, आबा उभे राहिले. दुसरी झाली तसे खाटेखाली वाकून बघायला लागले, दारामागं बघून आले. तिसरी झाली आणि तीरासारखे आत घुसले. मनगट धरलं, ओढत गॅलरीत नेलं, भिंतीशी घातलं. रोजच्यासारखी मी किंचाळणार, तेवढ्यात विनोद ओरडला, "गप राहा, दर्शना! ऐक ते काय म्हणतायत!"

इतके दिवस माझ्याच किंचाळण्यात ते मी ऐकलं नव्हतं. आबा धापा टाकत म्हणत होते, "बत्ती लावलीन गो! हलू नको. होईल आता, होईल."

विनोद जवळ येऊन आबांच्या हातांकडे बघत होता.

"डोकं नाही आवळत ते," तो म्हणाला. "कान झाकतायत तुझे."

मग त्यानं सांगितलं, बोगद्यात सुरुंग उडवायच्या आधी शिट्ट्या व्हायच्या, तिसरीला बत्ती. त्याआधी आबा सगळीकडे वाकून बघायचे, कोणी राहिला नाही ना. कोणी नवखा घाबरून थिजला असेल तर त्याला ओढत आणायचे, भिंतीशी घालायचे, स्वतः आड उभे राहायचे आणि त्याचे कान झाकायचे. अलोऱ्याला कॉलनीतली पोरं हाच खेळ खेळायची. विनोदसुद्धा खेळला होता. पण दुपारी घरात कुकरपाशी तो कधी नव्हता, आणि मी बोगद्यापाशी कधी नव्हते.

मी कोणाची ते आबांना आठवत नव्हतं. तरी मला मागं ठेवून ते बाहेर पडत नव्हते. मी त्यांच्या छातीशी तशीच उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. समोरच्या बायका बघत होत्या. बघा म्हटलं, काय बघायचंय ते!

कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात शिजायला लागला. माझं मनगट बरं झालं आणि गुहागरचं नाव मी पुन्हा काढलं नाही. शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली की मीच त्यांचा हात धरून गॅलरीत जायची, म्हणायची, "सगळे भायेर आले, आबा." मग ते खाली बसायचे.

पण आजार थांबत नाही. हळूहळू ते बोलायचे राहिले, मग वळून बघायचेही राहिले. शेजारी शिट्ट्या व्हायच्या आणि ते सदऱ्याचं टोक चघळत बसायचे. मला चैन पडेना. परवा मीच कुकर खाली काढला, भात लावला आणि ओट्यापाशी उभी राहिले.

तिसरी शिट्टी झाली. मनगट धरायला कोणी आलं नाही.

बाहेर येऊन मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचे दोन्ही हात उचलून माझ्या कानांवर ठेवले. ते घसरून मांडीवर पडले. मग मी माझे हात त्यांच्या कानांवर ठेवले आणि चौथी शिट्टी होईपर्यंत तशीच बसून राहिले.