नोव्हेंबरात घातलेला जन्म

चाकणच्या कंपनीत मी बावीस वर्षं माल तपासतो. समोर आलेला पार्ट चांगलाच असेल असं धरून चालणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात ठेवत नाहीत. घरी आल्यावर तरी हे खातं बंद करा, असं बायकोचं म्हणणं. मला ते जमलेलं नाही. भाजीतली वांगीसुद्धा मी एकेक करून उजेडात फिरवून बघतो.

त्यामुळे लेकीनं मोबाईलवर परदेशातली बायकांची फुटबॉल मॅच दाखवली, तेव्हा मी खेळाआधी प्रेक्षक तपासले. स्टेडियम कडेपर्यंत भरलेलं.

"ही गर्दी चिकटवलेली हाय," मी म्हणालो.

"पप्पा, लोक तिकीट काढून येतात. आता जगभर बघतात."

"फुकट पास वाटले असतील. न्हाईतर टेम्पो भरभरून माणसं आणली असतील, आपल्याकडं सभेला आणत्यात तशी."

पुढच्याच महिन्यात कंपनीत परदेशी ऑडिटर आला. कँटीनमध्ये डाळभात खाताना तो हळहळत होता, की त्याच्या गावच्या बायकांची टीम फायनलला गेली आणि त्याला तिकीटच मिळालं नाही. त्याच्यावरही माझा विश्वास बसला नाही. ऑडिटर आहे, उगीच काहीतरी सांगून आमचे चेहरे तपासत असणार.

लेक मात्र खरोखर खेळत होती. रोज सकाळी मोशीहून मी तिला गाडीवर संत तुकाराम नगरजवळच्या मैदानावर सोडायचो. चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम बाहेरगावी स्पर्धेला जाणार होती आणि अठरा जणींच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. त्या रात्री ती बूट उशाशी घेऊन झोपली. मी मात्र यादीतल्या बाकीच्या सतरा जणींचा विचार करत बसलो.

त्यातली एक कासारवाडीची मुलगी माझ्या डोळ्यांत खुपत होती. उंच, रुंद खांद्यांची. तिनं बॉल मारला की गोलकीपर बाजूला व्हायची.

"ही चौदाच्या आतली?" मी बायकोला म्हणालो. "हिला तर आमच्या प्रेस शॉपला पत्रा दाबायला उभी करतील. वय चोरलंय. उद्या स्पर्धेत पकडली, तर सगळी टीम बाद. आपलीसुद्धा."

"तुम्हाला काय करायचंय? कशाला उकरून काढता?"

ती असं का म्हणाली, हे तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मी अर्ज लिहायला बसलो होतो. 'सर्व पालकांतर्फे' असं वर लिहिलं आणि खाली एकट्याची सही केली. मजकूर असा: नुसत्या आधारच्या झेरॉक्सवर विसंबू नये, प्रत्येक मुलीचा मूळ जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड समोरासमोर ठेवून तपासावा, तफावत आढळल्यास तत्काळ नाव वगळावं.

प्रशिक्षक मॅडम स्वतः खेळाडू होत्या. अर्ज वाचून त्यांनी मान वर केली. "सगळ्यांचे तपासू? नक्की ना, भाऊ?"

"शंभर टक्के तपासणी," मी म्हणालो. "नमुना काढून चालत न्हाई."

रविवारी मैदानावर टेबल मांडलं. दुसरे कोणी पालक पुढे येईनात, म्हणून मीच मॅडमशेजारी खुर्ची घेतली. कासारवाडीच्या मुलीचे कागद मी दोनदा वाचले. शिक्का बोटानं घासूनही पाहिला. तारखा तंतोतंत जुळत होत्या. तिच्यामागे तिची आई उभी होती, तीही माझ्यापेक्षा वीतभर उंच.

"तपासून झालं का?" आई म्हणाली. "का दात पण मोजायचे?"

मागून हसण्याचा आवाज आला. मी पुढचा कागद ओढला. तो माझ्याच लेकीचा होता. जन्मदाखल्यावर फेब्रुवारी. बोनाफाईडवर आधीच्या वर्षाचा नोव्हेंबर. आणि स्पर्धेची अट त्या दोन्हींच्या मधल्या एक जानेवारीनंतर जन्मलेल्यांची.

पहिलीत घालताना वयाला तीन महिने कमी पडत होते. वर्ष वाया जायला नको, म्हणून जन्मदाखला हरवल्याचं सांगून मी शाळेत स्वतःच्या हातानं तारीख लिहून दिली होती. आमच्या घरात हा काही गुन्हा नव्हे. माझी स्वतःची तारीखही गुरुजींनी त्यांच्या सोयीनं घातलेली आहे. वाढदिवस आम्ही फेब्रुवारीत करत आलो आणि तो नोव्हेंबर मी पार विसरून गेलो. बायको विसरली नव्हती.

"शाळेच्या क्लार्कची चूक असेल," मॅडम हळूच म्हणाल्या. मला वाट करून देत होत्या. मी तोंड उघडलंही. पण समोर लेक उभी होती, आणि मोबाईलमधल्या गर्दीकडे मी बघितलं होतं तशी ती माझ्याकडे बघत होती.

"क्लार्कची न्हाई. माझी," मी म्हणालो.

मॅडमनी माझाच अर्ज फिरवून माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. लेकीचं नाव कापलं गेलं आणि राखीव मुलगी आत आली.

परत येताना लेक गाडीवर मागे सरकून बसली होती, कॅरिअर धरून. मोशीच्या चौकात सिग्नलला तिनं विचारलं, "मी वर्षभर उशिरा शाळेत गेले असते तर काय झालं असतं?"

"वर्ष वाया गेलं असतं."

"मग आता काय गेलं? पुढच्या वर्षी मी दोन्ही तारखांनी मोठी."

सिग्नल सुटला, ते बरं झालं.

टीम गेली. त्या आठवड्यात मी रजा टाकून तिच्या शाळेत तारीख दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो, लेकीला घेऊनच. खिडकीतल्या क्लार्कनं जन्मदाखला उलटसुलट केला, उजेडात धरला, शिक्का नखानं खरवडला.

"तेव्हा तुम्हीच लिहून दिलं की दाखला हरवलाय. आता कुठून उगवला?"

"सापडला, साहेब."

"आणि हीच तारीख खरी कशावरून?"

मी लेकीकडे पाहिलं. तिनं खिडकीत वाकून अगदी शांतपणे सांगितलं, "काका, यांचं सगळं तपासून घ्या. दोनदा."